उष्ण-शुष्क प्रदेशातील व्हायोला : बीज, पाणी आणि हंगामाचे गणित

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

जानेवारी महिन्यात दिल्ली, जयपूर किंवा जोधपूर या शहरांतून फिरताना चौकांतील वर्तुळाकार वाफ्यांत, शासकीय कार्यालयांच्या पायऱ्यांवर आणि घरांच्या सज्जांत एक लहानसे फूल हटकून दिसते. जांभळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या पाकळ्यांवर मांजराच्या मिशांसारख्या गडद रेघा असतात आणि फुलाचा एकूण आकार हसऱ्या चेहऱ्यासारखा भासतो. हे फूल म्हणजे व्हायोला. त्याचे मोठ्या आकाराचे भावंड पॅन्झी या नावाने अधिक परिचित आहे. राष्ट्रपती भवनाच्या ज्या उद्यानाला २०२३ मध्ये 'अमृत उद्यान' हे नाव मिळाले, तेथील हिवाळी फुलांतही पॅन्झीचा समावेश असतो.

ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्या प्रदेशात मूळच्या थंड डोंगराळ मुलखातील हे फूल दरवर्षी फुलते, ही बाब वरवर पाहता साधी वाटते. तथापि तिच्यामागे वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र, पाणी-व्यवस्थापन, बियाणे-धोरण आणि लहान रोपवाटिकाधारकाचे अर्थकारण असे अनेक धागे आहेत. सप्टेंबर महिन्यात महागडे संकरित बियाणे विकत घेणाऱ्या रोपवाटिकाधारकाच्या दृष्टीने तर हा वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. बियाणे उगवले तर नोव्हेंबरमध्ये रोपे विकली जातात. न उगवले तर भांडवल मातीत जाते आणि पुन्हा पेरण्याइतका हंगामही शिल्लक राहत नाही. या फुलाच्या निमित्ताने त्या संपूर्ण साखळीचा विचार येथे करावयाचा आहे.

फुलाचे कूळ आणि मूळ

व्हायोला ही व्हायोलेसी कुळातील सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्या सहाशेच्या आसपास जाती जगभर, प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशांत, आढळतात. उद्यानातील पॅन्झी ही निसर्गात तयार झालेली जात नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील उद्यानांत युरोपातील रानटी तिरंगी व्हायोला आणि तिच्या नात्यातील जाती यांच्या संकरातून ती घडली. या संकराच्या इतिहासाचा अभ्यास करणारे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ व्हीट व्हिट्रॉक यांचे नाव तिच्या शास्त्रीय नावात गुंफलेले आहे. लहान फुलांच्या व्हायोलांमध्ये पिरेनीज पर्वतातील शिंगधारी व्हायोलाचा, म्हणजे व्हायोला कॉर्नुटाचा, अंश अधिक आहे. त्यामुळे ही झाडे बुटकी, दाट आणि भरपूर फुले देणारी असतात. पाऊस, वारा आणि तापमानातील चढउतार ती पॅन्झीपेक्षा अधिक सोसतात, हा लागवड करणाऱ्यांचा सर्वत्र अनुभव आहे.

भारताला ही प्रजाती परकी नाही. हिमालयाच्या उतारांवर व्हायोलाच्या अनेक जाती नैसर्गिकरीत्या वाढतात. युनानी वैद्यकात खोकला व पडसे यांवर वापरला जाणारा 'बनफ्शा' म्हणजे याच प्रजातीतील सुगंधी व्हायोला आणि तिच्या नात्यातील काही हिमालयीन जाती होत. या वनस्पतींत आढळणारी चक्राकार प्रथिने, ज्यांना सायक्लोटाइड म्हणतात, आज जैवरसायनशास्त्राच्या संशोधनाचा विषय बनली आहेत. मात्र हिमालयाच्या थंड सावलीत वाढणे आणि थरच्या वाळवंटालगत फुलणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर बीजाच्या पातळीवरच पार करावे लागते.

उष्ण-शुष्क प्रदेश म्हणजे काय?

भारतात उष्ण-शुष्क क्षेत्र सुमारे ३.२ कोटी हेक्टर असून त्यापैकी जवळपास ६० टक्के क्षेत्र राजस्थानात आहे. उर्वरित क्षेत्र गुजरात, पंजाब, हरियाणा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांत विखुरलेले आहे. तत्कालीन नियोजन आयोगाने १९८९ मध्ये देशाचे १५ कृषि-हवामान प्रदेश ठरविले. त्यांत पश्चिम राजस्थानचा समावेश चौदाव्या, म्हणजे 'पश्चिम शुष्क प्रदेशात' होतो. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने माती, हवामान आणि पिकाच्या वाढीचा कालावधी विचारात घेऊन देशाचे २० कृषि-पारिस्थितिक प्रदेश पाडले. या दोन वर्गीकरणांतील फरक परीक्षार्थींनी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. शुष्क प्रदेशातील शेतीच्या अभ्यासासाठी जोधपूर येथे १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आकारास आली. तिचे मूळ १९५२ मध्ये स्थापन झालेल्या मरुस्थल वनीकरण केंद्रात आहे.

या प्रदेशाच्या हवामानाची तीन वैशिष्ट्ये व्हायोलाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरतात. पहिले वैशिष्ट्य म्हणजे पावसाळा संपल्यानंतर ऑक्टोबरमध्ये दिवसाचे तापमान पुन्हा वाढते आणि ३५ अंशांच्या आसपास रेंगाळते. दुसरे म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील मोठे अंतर. तिसरे म्हणजे हवेतील कोरडेपणा. पहिले वैशिष्ट्य लागवडीच्या विरोधात जाते. दुसरे आणि तिसरे मात्र जाणकार माणसाला साहाय्य करतात.

बीज उगवण्यास नकार का देते?

व्हायोलाचे बीज अत्यंत लहान असते. एका ग्रॅममध्ये साधारणपणे हजाराच्या आसपास बिया मावतात. उगवणीसाठी त्यांना १८ ते २० अंश तापमान सर्वाधिक मानवते आणि अशा तापमानात दहा ते चौदा दिवसांत कोंब वर येतात. माध्यमाचे तापमान २५ अंशांच्या पुढे गेले की उगवणीचे प्रमाण घसरू लागते आणि ३० अंशांच्या वर बहुतांश बिया निश्चल राहतात. पाणी शोषून त्या फुगतात, परंतु अंकुर बाहेर पडत नाही. ओल्या आणि उष्ण मातीत फार काळ पडून राहिलेले असे बीज अखेरीस बुरशीला बळी पडते. 'बियाणे खराब निघाले' ही तक्रार अनेकदा येथूनच उद्भवते. वास्तविक बियाणे चांगले असते, पेरणीची वेळ चुकलेली असते.

या वर्तनामागील कारण वनस्पतीच्या जीवनक्रमात सापडते. रानटी पॅन्झीच्या कुळातील अनेक झाडे शरद ऋतूत उगवतात, हिवाळा काढतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळ्यापूर्वी बी टाकून मरतात. उन्हाळ्यातील एखाद्या अवकाळी सरीने बीज फसले आणि उगवले, तर कोवळे रोप पुढच्या कडक उन्हात जळून जाईल. म्हणून निसर्गाने बीजालाच तापमान ओळखण्याची क्षमता दिली. उगवण रोखणारे ॲब्सिसिक आम्ल आणि उगवणीस चालना देणारे जिबरेलिन या दोन संप्रेरकांच्या समतोलातून हा निर्णय होतो. उष्णतेत पहिल्याचे पारडे जड राहते. तात्पर्य, उष्णतेत न उगवणे हा बीजाचा दोष नसून ती त्याची आत्मरक्षणाची रीत आहे. वाळवंटातील ज्या अल्पजीवी वनस्पती पावसानंतरच्या मोजक्या आठवड्यांत आपले जीवन उरकतात, त्यांचेही तत्त्व हेच आहे. दुष्काळाशी झुंजण्याऐवजी त्या दुष्काळ टाळतात.

बियाण्याची साठवण हाही दुर्लक्षित मुद्दा आहे. बीजशास्त्रातील हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम सांगतो की, बीजातील आर्द्रता एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केल्यास बीजाचे आयुष्य साधारण दुप्पट होते. व्हायोलाचे बी उष्ण खोलीत झपाट्याने दुबळे होते. म्हणून पाकीट हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह, शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. पेरणीच्या दिवशी डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा, अन्यथा थंड बियांवर दव धरते.

कोरडी हवा : शत्रू नव्हे, सहकारी

उष्ण प्रदेशात बीजाला १८ ते २० अंशांचे थंड स्थान कोठून द्यावयाचे? वातानुकूलित अंकुरण-कक्ष मोठ्या व्यावसायिकांना परवडतात, लहान रोपवाटिकेला नाही. येथे भौतिकशास्त्रातील एक साधे तत्त्व उपयोगी पडते. पाण्याची वाफ होताना ते सभोवतालची उष्णता शोषून घेते. माठातील पाणी याच कारणाने गार होते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक आणि तितकाच गारवाही अधिक.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे तापमान ही या गारव्याची नैसर्गिक मर्यादा होय. हवेचे तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर ही मर्यादा सुमारे ३३ अंशांवर राहते. तेच तापमान, पण आर्द्रता २० टक्के असेल, तर ती सुमारे २१ अंशांपर्यंत खाली येते. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे वाळवंटात पिके करपतात, तोच कोरडेपणा ओल्या विटा आणि वाळू यांच्या साहाय्याने १० ते १५ अंशांचा गारवा मिळवून देऊ शकतो. किनारपट्टीवरील दमट प्रदेशाला ही सोय नाही.

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेला 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' याच तत्त्वावर चालतो. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटरची पोकळी, पोकळीत वाळू आणि वर वाळा किंवा पेंढा यांचे झाकण, अशी त्याची रचना असते. वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ भिजवल्या जातात. विजेची गरज लागत नाही. हा कक्ष मुळात फळे-भाज्या टिकविण्यासाठी आहे. परंतु व्हायोलाच्या बीजाला उगवताना प्रकाशाची गरज नसते, उलट अंधारच मानवतो. त्यामुळे पेरलेले ट्रे ठेवण्यासही तो योग्य ठरतो. कक्षाला पाझरणारे कठीण पाणीही चालते, कारण क्षार वाळूत मागे राहतात. मात्र काही हंगामांनंतर वाळू बदलणे इष्ट असते.

या उपायाला कालमर्यादा आहे आणि ती मॉन्सूनशी निगडित आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मॉन्सूनच्या तारखा सुधारल्या. त्यानुसार पश्चिम राजस्थानातून मॉन्सून परतू लागण्याची सरासरी तारीख १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर झाली. मॉन्सून असेपर्यंत हवा दमट असते आणि शीतकक्षाचा परिणाम मंदावतो. तो परतला की हवा कोरडी होते आणि कक्ष प्रभावी होतो. म्हणून पश्चिम राजस्थानात सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वी पेरणीची घाई करण्यात हशील नाही.

पेरणीपासून लागणीपर्यंत

पेरणीसाठी कप्प्यांचे प्लॅस्टिक ट्रे, ज्यांना रोपवाटिकांत 'प्रो-ट्रे' म्हणतात, सोयीचे ठरतात. माध्यम हलके आणि निचऱ्याचे असावे. धुऊन घेतलेले कोकोपीट, चांगले कुजलेले गांडूळखत आणि थोडी जाड वाळू यांचे मिश्रण पुरेसे होते. कोकोपीट धुणे आवश्यक आहे, कारण त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असू शकतात. प्रत्येक कप्प्यात एक बी ठेवून त्यावर माध्यमाचा तीन-चार मिलिमीटरचा थर द्यावा. पाणी झारीने न देता ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून शोषू द्यावे. त्यामुळे बी जागचे हलत नाही.

ट्रे शीतकक्षात ठेवल्यानंतर पाचव्या दिवसापासून रोज सकाळी पाहणी करावी. अंकुर दिसू लागताच ट्रे बाहेर काढावेत. एक-दोन दिवसांचाही विलंब झाला, तर रोपे अंधारात लांबट आणि फिकट होतात व पुढे कधीच सावरत नाहीत. बाहेर काढल्यावर पन्नास टक्के सावलीच्या शेडनेटखाली, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी त्यांना ठेवावे. या टप्प्यावरचा मोठा धोका म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी रोपाला जमिनीलगत कुजवतात. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा ही त्याची कारणे. पाणी सकाळीच द्यावे, संध्याकाळपर्यंत माध्यमाचा पृष्ठभाग कोरडा व्हावा आणि ट्रेमध्ये हवा खेळती राहावी, हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

चार-पाच खरी पाने आली की, म्हणजे पेरणीनंतर साधारण पाच ते सहा आठवड्यांनी, रोपे कुंडीत किंवा वाफ्यात लावता येतात. त्यापूर्वी आठवडाभर सावली टप्प्याटप्प्याने कमी करून त्यांना कणखर करावे लागते. लहान फुलांची व्हायोला पेरणीपासून दहा ते बारा आठवड्यांत फुलू लागते. सुकलेली फुले वेळच्या वेळी खुडल्यास झाड बी धरण्यात शक्ती न घालवता नवी फुले देत राहते.

शुष्क प्रदेशातील पाण्याचा एक दोष येथे विशेषत्वाने नमूद करावयास हवा. तेथील भूजल पुष्कळदा खारट आणि विम्लधर्मी असते. व्हायोलाला साडेपाच ते सहाच्या आसपासचा किंचित आम्ल सामू मानवतो. सतत विम्ल पाणी दिल्यास माध्यमाचा सामू वाढतो, लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. बोरॉन कमी पडल्यास शेंडा खुरटतो. काळी मूळकूज हा रोगही अशा माध्यमात बळावतो. या सर्वांवर एकच जुना उपाय आहे, तो म्हणजे पावसाचे पाणी.

पाण्याचा हिशेब

कोरड्या प्रदेशात फुलांसाठी पाणी खर्च करणे योग्य आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने न देता आकड्यांनी द्यावे.

एक चौरस मीटर क्षेत्रावरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हे सूत्र जलव्यवस्थापनाच्या कोणत्याही प्रश्नात उपयोगी पडते. एक हजार रोपांना ९८ कप्प्यांचे सुमारे दहा ट्रे लागतात आणि ते जवळपास दीड चौरस मीटर जागा व्यापतात. ऑक्टोबरमध्ये रोजचे बाष्पीभवन पाच मिलिमीटर धरले, तर रोज सात-आठ लिटर आणि ४५ दिवसांत सुमारे ३४० लिटर पाणी लागेल. राजस्थानातील 'टांका' ही पावसाचे पाणी साठविण्याची पारंपरिक भूमिगत व्यवस्था आहे. वीस चौरस मीटर छतावर वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी गोळा झाले, तर ४,८०० लिटर पाणी मिळते. म्हणजे हजार रोपांच्या संगोपनाला लागणारे मृदू पाणी त्या साठ्याच्या चौदाव्या भागात भागते.

लागणीनंतरचा हिशेबही असाच मांडता येतो. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात रोज तीन मिलिमीटर धरून ३० लिटर, म्हणजे शंभर दिवसांत ३,००० लिटर पाणी लागते. ठिबक आणि पालापाचोळ्याचे आच्छादन यांनी त्यात बचत होते. याउलट त्याच जागेवर हिरवळ राखली, तर एप्रिल ते जून या तीव्र बाष्पीभवनाच्या महिन्यांतही तिला पाणी पाजावे लागते. व्हायोला कमी बाष्पीभवनाच्या हंगामातच जगते आणि उन्हाळ्यापूर्वी जागा मोकळी करते. फुले हवीत की नकोत, याइतकाच ती कोणत्या हंगामात हवीत हाही नियोजनाचा प्रश्न आहे. तरीही जेथे पिण्याचेच पाणी टँकरने येते, तेथे सार्वजनिक वाफ्यांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे आणि तेही उपलब्ध नसेल तर वाफा रिकामा ठेवावा, हेच तर्कसंगत आहे.

बियाणे कोणाचे?

बाजारातील बहुतेक व्हायोला बियाणे पहिल्या पिढीचे संकरित, म्हणजे एफ-१ प्रकारचे असते. त्याची रोपे एकसारखी येतात, पण त्यापासून घेतलेल्या बियांची पुढील पिढी विस्कळीत निघते. हा मेंडेलच्या पृथक्करणाच्या नियमाचा परिणाम आहे. त्यामुळे रोपवाटिकाधारकाला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. १९८८ च्या नव्या बियाणे विकास धोरणाने भाजीपाला व फुलांच्या बियाण्यांच्या आयातीचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर परदेशी संकरित वाण भारतीय बाजारात मोठ्या प्रमाणावर आले. अशा आयातीचे रोग-किडींच्या दृष्टीने नियमन २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने होते. दुसऱ्या बाजूस, कोरड्या हिवाळ्याचा लाभ घेऊन पंजाबातील शेतकरी हिवाळी फुलांचे बियाणे परदेशी कंपन्यांसाठी करारावर पिकवतात आणि निर्यात करतात. ज्या हवामानात फूल वाढविणे कठीण, त्याच हवामानात बी वाळविणे सोपे असते, हा यातील बोध होय.

एका काल्पनिक उदाहरणाने उगवणीचे मोल स्पष्ट होईल. एका बीची किंमत दोन रुपये मानली आणि हजार बियांतून ८०० रोपे मिळाली, तर प्रत्येक रोपामागे बियाण्याचा खर्च अडीच रुपये येतो. उष्णतेमुळे केवळ ३०० रोपे आली, तर तोच खर्च साडेसहा रुपयांच्या पुढे जातो. माध्यम, ट्रे आणि मजुरी यांचा खर्च मात्र तितकाच राहतो. महिला बचत गटांच्या किंवा घराच्या अंगणातील रोपवाटिकांना हा फरक सोसत नाही. म्हणून पेरणीपूर्वी ओल्या कागदावर मोजक्या बियांची उगवण-चाचणी घेणे ही त्यांच्यासाठी विम्यासारखी बाब आहे.

संकरित बियाण्याला पर्याय म्हणून खुल्या परागीभवनाच्या वाणांचे बी घरी धरता येते. व्हायोलाची बोंडे तीन शकलांची असतात. कोवळेपणी ती खाली झुकलेली असतात आणि पिकताना ताठ उभी राहतात. त्यानंतर ती तडकून बिया दूर उडवतात. बियांवरील तैलयुक्त गराच्या लोभाने मुंग्या त्या वाहून नेतात. म्हणून बोंड उभे राहून फिकट झाले की तडकण्यापूर्वीच ते काढून कागदी पाकिटात ठेवावे. मार्चच्या तापमानात बी नीट भरत नाही, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील बोंडे निवडणे श्रेयस्कर असते. स्थानिक उन्हात सर्वांत शेवटपर्यंत तग धरणाऱ्या झाडांचे आधी धरलेले बी दरवर्षी वेगळे ठेवत गेल्यास, काही वर्षांत स्थानिक हवामानाला अधिक सरावलेला वाण मिळण्याची शक्यता निर्माण होते. वनस्पती-पैदाशीत याला समूह निवड म्हणतात. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. केवळ वाणाच्या नावाचे बोधचिन्ह लावलेले बियाणे त्याला विकता येत नाही.

शासनाच्या पातळीवर २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोत्पादन अभियानात पुष्पशेतीचा अंतर्भाव झाला आणि २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग बनले. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पसंशोधन संचालनालय २००९ मध्ये नवी दिल्लीत स्थापन झाले आणि पुढे पुण्यात स्थलांतरित झाले. उष्णता सहन करणारे खुल्या परागीभवनाचे हिवाळी वाण हा अशा संस्थांच्या कार्यकक्षेत सहज बसणारा विषय आहे.

आक्रसणारा हिवाळा

या साऱ्या गणितात आता एक नवी अनिश्चितता आली आहे. मार्च २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ हे महिने देशाच्या सरासरी कमाल तापमानाच्या दृष्टीने १९०१ पासूनच्या नोंदींत आपापल्या महिन्यांतील सर्वांत उष्ण ठरले. गव्हाच्या दाण्यावर या उष्णतेचा परिणाम होतो, हे सर्वश्रुत आहे. हिवाळी फुलांनाही ती तितकीच जाचक आहे. १० ऑक्टोबरला पेरलेली व्हायोला वर्षअखेरीस फुलू लागते. मार्चच्या मध्यापर्यंत ती टिकली, तर सुमारे दहा-अकरा आठवडे फुले मिळतात. उन्हाळा फेब्रुवारीच्या अखेरीसच अवतरला, तर त्यातील दोन-तीन आठवडे गळून पडतात. शीतकक्षाच्या साहाय्याने पेरणी २० सप्टेंबरला केली, तर सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे परत मिळतात. हंगाम शेवटी जे गमावतो, ते आरंभी भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. हवामान-अनुकूलन या जड शब्दाचा अर्थ एका लहान रोपवाटिकेत इतका साधा आणि प्रत्यक्ष असतो.

तथापि अनुकूलनालाही सीमा असते. रात्रीही उष्ण राहू लागल्या, किंवा मॉन्सून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला, तर ओल्या वाळूची भिंत पुरी पडणार नाही. अशा वेळी पेरणी पुढे ढकलणे, पॅन्झीऐवजी अधिक सोशिक व्हायोला निवडणे, अथवा त्या वर्षी झेंडूसारख्या उष्णता सोसणाऱ्या फुलांकडे वळणे, हे पर्याय रोपवाटिकाधारकाने हाताशी ठेवले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रहो, भूगोलाच्या पुस्तकातील मॉन्सूनच्या परतीची तारीख, भौतिकशास्त्रातील बाष्पीभवन, जीवशास्त्रातील बीजाची सुप्तावस्था, अर्थशास्त्रातील उत्पादन-खर्च आणि कायद्यातील शेतकरी-हक्क हे विषय परीक्षेत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत विचारले जातात. जोधपूरजवळच्या एखाद्या अंगणात मात्र सप्टेंबरच्या अखेरीस, खसखशीएवढी बी ट्रेच्या कप्प्यात ठेवताना, रोपवाटिका चालविणारी गृहिणी या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी देत असते. तिचा निकाल दहा ते चौदा दिवसांत लागतो. तो अनुकूल लागावा यासाठी तिला योग्य बियाणे, योग्य तारीख आणि चार विटांच्या शीतकक्षाची माहिती वेळेवर मिळणे आवश्यक आहे. ही माहिती प्रयोगशाळेतून तिच्या अंगणापर्यंत पोहोचविण्याचे काम उद्याच्या प्रशासनाकडे, म्हणजे आज परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी अनेकांकडे, येणार आहे.